हृदयाच्या भिंतीतल्या धमन्या

कुत्र्याला हार्ट अटॅक येत नाही, हे वाक्य पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या कानावर पहिल्या दोन-तीन वर्षांतच पडते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. माणसाच्या हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या मोठ्या करोनरी धमन्यांत चरबीचे थर साचतात, तसे ते कुत्र्यात सहसा साचत नाहीत. कुत्र्याच्या रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएल या प्रकारचे असते आणि ते त्याला बरेच संरक्षण देते. थायरॉईड मंदावलेली किंवा मधुमेह जडलेली कुत्री हा त्याला अपवाद. पण या खऱ्या वाक्याच्या आडोशाला दुसरे एक सत्य फार काळ दडून राहिले. हृदयाच्या भिंतीत, थेट स्नायूच्या आत शिरलेल्या बारीक धमन्या कुत्र्यात अरुंद होतात, मांजरात होतात, डुकरात आणि उंदरातही होतात. त्या अरुंद झाल्या की हृदय सहसा एका झटक्यात बंद पडत नाही, वर्षानुवर्षे खंगत जाते. आजच्या व्याख्यानाचा विषय आहे या धमन्या.

हृदय सदैव रक्ताने भरलेले असते, तरी सस्तन प्राण्याच्या हृदयस्नायूला कप्प्यातल्या त्या रक्ताचा फारसा उपयोग होत नाही. बेडकाचे त्यावर भागते. त्याच्या निलयाची, म्हणजे रक्त बाहेर फेकणाऱ्या कप्प्याची, भिंत सच्छिद्र असते, आतले रक्त स्नायूच्या फटींतून खेळते आणि निलयाला वेगळ्या धमन्यांची गरज उरत नाही. कुत्र्या-मांजरांची भिंत जाड आणि भरीव. तिला महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन करोनरी धमन्यांवर जगावे लागते. या धमन्या आधी पृष्ठभागावरून धावतात, मग वळून स्नायूत घुसतात, फाटे फुटत बारीक होतात आणि शेवटी केशवाहिन्यांच्या जाळ्यात संपतात. मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे शंभर मायक्रोमीटर. या विषयातली निम्मी कथा त्या मापाच्या आसपास घडते. अँजिओग्राफीत दिसतात त्या अर्ध्या मिलिमीटरच्या वरच्या वाहिन्या. त्याखालचे सारे जाळे त्या चित्रात उमटतच नाही.

हृदयस्नायूची आणखी एक अडचण आहे. शरीराचे बाकीचे भाग विश्रांतीत असताना रक्तातला सरासरी पाव हिस्सा प्राणवायू घेतात, उरलेला गरजेसाठी शिलकीत राहतो. हृदय मात्र विश्रांतीतही सत्तर-पंचाहत्तर टक्के प्राणवायू काढून घेते. म्हणजे कुत्रा धावू लागला की त्याच्या हृदयाला अधिक प्राणवायू मिळवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे अधिक रक्त. निरोगी हृदयात बारीक धमन्या सैल होऊन प्रवाह चौपट-पाचपट वाढवतात. वाढीच्या या क्षमतेला करोनरी राखीव क्षमता म्हणतात.

ही क्षमता बारीक धमन्यांच्याच हाती का, याचे उत्तर फ्रान्सच्या झाँ पॉझ्यूय यांच्या कामात सापडते. १८२८ मध्ये त्यांनी पाऱ्याच्या नळीने प्राण्यांच्या धमन्यांतला दाब मोजला आणि १८४० च्या दशकात काचेच्या अतिबारीक नळ्यांतून द्रव वाहवून एक नियम मांडला: प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. जिवंत धमनी काही काचेची नळी नव्हे, पण नियमाचा कल तिलाही लागू पडतो. १९८६ मध्ये विल्यम चिलियन आणि मेल्विन मार्कस यांच्या गटाने भूल दिलेल्या मांजरांच्या धडधडत्या हृदयावर, हृदयाच्या ठोक्याशी जुळवलेल्या लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शक रोखून, वेगवेगळ्या मापांच्या वाहिन्यांतला दाब मोजला. धडधडणाऱ्या हृदयावरची वाहिनी नजरेत धरून ठेवणे हेच मोठे कौशल्य होते. रक्तप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा मोठा भाग दोनशे मायक्रोमीटरपेक्षा बारीक धमन्यांत असतो, हे त्या मोजणीतून स्पष्ट झाले.

मोठ्या धमनीच्या अरुंदपणाचा हिशेब त्याआधीच लागला होता. १९७४ मध्ये सिएटलमध्ये लान्स गूल्ड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या एका करोनरी धमनीभोवती आवळता येणारे कडे बसवले. धमनीचा व्यास सुमारे ८५ टक्के आवळला जाईपर्यंत विश्रांतीतला प्रवाह जवळजवळ तसाच राहिला. पण वाहिन्या पूर्ण सैल करून मोजलेला कमाल प्रवाह व्यास निम्मा होण्याआधीच घटू लागला होता. कारण उघड आहे. पुढच्या बारीक धमन्या सैल होऊन वरची तूट भरून काढत होत्या आणि राखीव क्षमता त्यातच खर्ची पडत होती. आता अरुंदपणा वरच्या धमनीत नसून त्या बारीक धमन्यांतच असेल तर? मग तूट भरून काढायला कोणीच उरत नाही. विश्रांतीत सारे ठीक दिसते, मागणी वाढली की हृदय उपाशी पडते. आजारी कुत्रा तपासणीच्या टेबलावर शांत उभा असतो आणि जिना चढताना थबकतो, त्याचे मूळ इथे आहे.

हृदयाची भिंत सर्वत्र सारख्याच वेगाने उपाशी राहत नाही. आकुंचनाच्या वेळी स्नायू स्वतःतल्याच वाहिन्या दाबून टाकतो. हा दाब आतल्या, कप्प्यालगतच्या थरात सर्वांत जास्त असतो. त्यामुळे डाव्या निलयाच्या आतल्या थराला रक्त मिळते ते जवळजवळ केवळ प्रसरणाच्या वेळी. शिवाय बाहेरून आत येणाऱ्या धमनीची ती अगदी शेवटची वस्ती. कालव्याच्या टेलला ज्याचे शेत असते त्याची जी अवस्था, तीच या थराची: वर कुठेही पाणी कमी झाले की पहिली झळ त्याला. ठोके वाढले की प्रसरणाचा काळ आक्रसतो आणि नेमकी गरज वाढते तेव्हाच या थराची पाळी लहान होते. मांजराचे हृदय दवाखान्यात मिनिटाला दोनशेच्या घरात धडधडते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

रक्त तुटल्यावर काय होते, याचा पहिला नेमका आलेख क्लीव्हलँडमध्ये रॉबर्ट टेनंट आणि कार्ल विगर्स यांनी १९३५ मध्ये काढला. कुत्र्याची करोनरी धमनी बांधल्यावर एका मिनिटाच्या आत त्या भागाचे आकुंचन थांबले. इतकेच नव्हे, बाकीचे हृदय आवळले जात असताना तो भाग बाहेर फुगू लागला. पेशी मेलेल्या नव्हत्या, तरी काम बंद पडले होते. मरण्याचा क्रम १९७७ मध्ये कीथ रायमर आणि रॉबर्ट जेनिंग्ज यांच्या कामातून कळला. चाळीस मिनिटे धमनी बंद ठेवून पुन्हा सोडली तेव्हा बाधित भिंतीच्या जाडीचा सुमारे ३८ टक्के भाग मृत झाला होता, तोही आतल्या बाजूने. चोवीस तासांनंतर हा आकडा ८५ टक्क्यांवर गेला. मृत्यू आतल्या थरातून निघून लाटेसारखा बाहेर सरकतो, म्हणून या घटनेला तरंगाग्राचे नाव मिळाले.

रक्त तोडण्याचे इथवरचे सारे प्रयोग मोठ्या धमनीवरचे. बारीक धमन्याच बुजल्या तर काय घडते, ते डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या हानी सब्बाह यांनी १९९१ मध्ये दाखवले. वीस कुत्र्यांच्या करोनरी धमन्यांत त्यांनी लॅटेक्सचे सूक्ष्म मणी सोडले, ७० ते १०० मायक्रोमीटरच्या आसपासचे. एकदम नव्हे, एक ते तीन आठवड्यांच्या अंतराने, पुन्हा पुन्हा. डाव्या निलयातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, त्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. सुरुवातीला ते सरासरी ६४ टक्के होते. ते ३५ टक्क्यांखाली आले की मणी सोडणे थांबवले जाई. थांबवल्यानंतर तीन महिन्यांनी मोजले तेव्हा ते २१ टक्के भरले. नवी वाहिनी कोणी बुजवत नव्हते, तरी हृदय खाली जातच होते. या प्रयोगातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे: बारीक धमन्यांच्या ठरावीक हानीनंतर हृदयाचा ऱ्हास आपल्या बळावर पुढे चालू राहतो. उरलेल्या स्नायूवर ताण वाढतो, कप्पा ताणला जातो, तो ताण सावरायला शरीर जी संप्रेरके सोडते तीच पुढे स्नायूला जाचक ठरतात.

जर्मनीतल्या एसेन शहरात गेर्ड हॉइश यांच्या गटाने याच धर्तीच्या प्रयोगांत आणखी एक कोडे पुढे आणले. सूक्ष्म मणी सोडल्यानंतर त्या भागातला एकूण रक्तप्रवाह जवळजवळ पूर्वीसारखा होता, पण आकुंचन तासागणिक कमी होत गेले. बुजलेल्या वाहिन्यांभोवती पांढऱ्या पेशी गोळा झाल्या होत्या, दाह सुरू झाला होता आणि दाहशामक स्टेरॉइड दिल्यावर आकुंचनाची ही घसरण टळली. म्हणजे बारीक धमनी बुजली की तिच्या मालकीचा कणभर स्नायू तर मरतोच, पण शेजारचा रक्त मिळणारा स्नायूही नीट काम करेनासा होतो. प्रवाहाचा आकडा चांगला, म्हणून स्नायूही चांगला, असा निष्कर्ष काढता येत नाही.

या ज्ञानाची किंमत कुत्र्यांनी मोजली आहे. पशुवैद्यांच्या सभेत ते स्पष्टपणे म्हटले पाहिजे. भारतात आज असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या समितीच्या देखरेखीत होतात. जे ज्ञान एवढ्या किमतीला मिळाले ते निदान त्याच जातीच्या आजारी जनावरांच्या कामी यावे, ही अपेक्षा रास्त आहे. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे माणसांच्या हृदयरोगशास्त्रात गेले आणि पशुवैद्यकाच्या दवाखान्यात फार सावकाश उतरले.

धमनी कायमची अरुंद व्हावी लागते असेही नाही. नुसती आवळली तरी पुरते. सीरियन हॅमस्टरच्या एका वाणात पिल्ले महिनाभराची होताच हृदयस्नायूत ठिकठिकाणी मृत ठिपके पडू लागतात आणि पुढे हृदय निकामी होते. न्यूयॉर्कमध्ये स्टीफन फॅक्टर आणि एडमंड सोनेनब्लिक यांनी १९८२ मध्ये या जनावरांच्या जिवंत रक्तवाहिन्यांत सिलिकॉन रबर भरून त्यांचा साचा घेतला. बारीक धमन्या जागोजाग आवळलेल्या दिसल्या, कुठे गळा दाबल्यासारख्या, कुठे फुगीर. धमन्या सैल ठेवणारे व्हेरापामिल वेळेवर दिले तर ठिपके पडतच नव्हते. कारण धमनीचा आचका, परिणाम स्नायूचा मृत्यू, असा सरळ निकाल लागला.

तो टिकला नाही. १९९७ मध्ये या हॅमस्टरांत डेल्टा-सार्कोग्लायकॅन नावाच्या प्रथिनाचे जनुक सदोष असल्याचे कळले. हे प्रथिन स्नायूपेशीचे आवरण शाबूत ठेवते. मग २००४ मध्ये शिकागोच्या एलिझाबेथ मॅकनॅली यांच्या गटाने याच कुळातले प्रथिन नसलेल्या उंदरांत ते केवळ हृदयाच्या स्नायूपेशींना परत मिळवून दिले, धमन्यांना नाही. तरीही धमन्यांचा आचका नाहीसा झाला. म्हणजे स्नायूपेशी आधी फाटते, तिच्या दुखण्याने शेजारची धमनी आवळते आणि आवळलेली धमनी आणखी पेशी मारते. कारण आणि परिणाम इथे एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. पुढे येणारे कुत्र्या-मांजरांचे रोग समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. "धमनी आधी की स्नायू आधी" या प्रश्नाला दर वेळी एकच उत्तर मिळत नाही.

क्योटोमध्ये ओकामोटो आणि आओकी यांनी १९६३ मध्ये जन्मतःच रक्तदाब वाढणाऱ्या उंदरांचा वाण तयार केला. या उंदरांच्या भिंतीतल्या धमन्यांचा मधला, स्नायूचा थर जाड होतो, पोकळी अरुंद होते आणि भोवती तंतुमय ऊतक साचते. १९९१ मध्ये क्रिस्टियान ब्रिला, जोसेफ जॅनिकी आणि कार्ल वेबर यांनी त्यांच्यावर केलेले काम फार मोलाचे आहे. या उंदरांचे हृदय जोराने आकुंचन पावत होते, पण सैल नीट होत नव्हते. भिंत ताठर झाली होती आणि राखीव क्षमता घटली होती. त्यांना बारा आठवडे लिसिनोप्रिल हे रक्तदाबाचे औषध दिले. तंतुमय ऊतक कमी झाले, धमन्यांची जाडी उतरली, ताठरपणा कमी झाला आणि राखीव क्षमता सुधारली. बारीक धमन्यांचे दुखणे आधी प्रसरणात दिसते, आकुंचनात नंतर, हे या प्रयोगातून कळते. आणि वेळेत हात घातला तर ते मागे फिरू शकते, हेही कळते. त्याच कुळातली एनालाप्रिल आणि बेनाझेप्रिल आज पशुवैद्यांच्या रोजच्या वापरात आहेत.

प्रयोगशाळेबाहेर, घरोघरीच्या कुत्र्यांत हे दिसते का? १९६५ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या डेटवाइलर आणि पॅटरसन यांनी कुत्र्यांच्या हृदयरोगांची मोठी पाहणी छापली आणि पशुहृदयरोगशास्त्राला पाया मिळाला. भिंतीतल्या धमन्यांकडे मात्र चिकाटीने पाहिले ते स्वीडनच्या टोर्केल फाल्क आणि लेनार्ट यॉन्सन यांनी. २००० मध्ये त्यांनी रक्त न मिळाल्याने हृदय बिघडलेल्या ६५ कुत्र्यांचा आढावा छापला. माणसासारखे चरबीचे थर काहींत होते, पण बहुतेकांत दुखणे होते ते भिंतीतल्या बारीक धमन्यांचे. पुढे २००६ मध्ये त्यांच्या गटाने डाव्या कप्प्यांमधली झडप झिजून हृदय निकामी झालेल्या कुत्र्यांची तुलना त्याच वयाच्या इतर कुत्र्यांशी केली. आजारी कुत्र्यांच्या हृदयात धमन्या अधिक अरुंद होत्या आणि तंतुमय डागही अधिक होते.

झडपेचा हा रोग आपल्याकडच्या घरांत अगदी ओळखीचा आहे. दहा-बारा वर्षांचा पॉमेरेनियन किंवा डॅक्सहुंड रात्री खोकतो, जिन्यावर थांबतो, छातीत स्टेथोस्कोप लावला की फुरफुर ऐकू येते. सारे लक्ष झडपेकडे जाते आणि जायलाच हवे. पण झडपेपाठीमागचा स्नायू कसा आहे, हे सोनोग्राफीच्या आकड्यांवरून सहज कळत नाही. झडप गळत असल्याने निलय रक्ताचा काही भाग मागे, कमी दाबाच्या वरच्या कप्प्यात, म्हणजे कर्णिकेत ढकलतो. ते काम सोपे असते, म्हणून आकुंचनाचा आकडा चांगला, कधी कधी वाजवीपेक्षा चांगला येतो. त्या आकड्याखाली आतल्या थरात शेकडो सूक्ष्म डाग असू शकतात.

न्यूफाउंडलँड, बॉक्सर, रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर या मोठ्या जातींत जन्मतः महाधमनीच्या झडपेखाली तंतुमय कडे असते. डाव्या निलयाला ते ओलांडून रक्त फेकावे लागते. भिंत जाड होते, आतला दाब वाढतो आणि बारीक धमन्यांवर दुहेरी भार पडतो: जास्त स्नायूला रक्त पुरवा आणि जास्त दाबाखाली पुरवा. फ्लिकिंजर आणि पॅटरसन यांनी १९६७ मध्येच या कुत्र्यांच्या धमन्यांतले बदल नोंदवले. भिंती जाड, पोकळ्या लहान, आणि आतल्या थरात व झडपेच्या दोऱ्या धरणाऱ्या पॅपिलरी स्नायूंत मृत व तंतुमय भाग. यातली अनेक कुत्री आधी काही लक्षण न दाखवता, खेळताखेळता कोसळतात, बहुतेक वयाच्या पहिल्या तीन वर्षांत. मोठ्या धमन्या उघड्या असतात. हृदयाची लय बिघडते ती आतल्या डागांमुळे आणि धावण्याच्या क्षणी पडणाऱ्या उपासामुळे.

मांजरांचा प्रश्न संख्येने सर्वांत मोठा. लंडनच्या आश्रयगृहांतल्या ७८० मांजरांची सोनोग्राफी करून २०१५ मध्ये छापलेल्या पाहणीत सुमारे १५ टक्के मांजरांत हृदयाची भिंत विनाकारण जाड आढळली. मेन कून जातीत यामागचा एक जनुकीय दोष कॅथरीन म्यूर्स यांनी २००५ मध्ये शोधला. न्यूयॉर्कमध्ये सी-क्वांग लिऊ यांनी अशा मांजरांच्या हृदयांचे काप तपासले, तेव्हा बहुतांश हृदयांत भिंतीतल्या धमन्या जाड आणि अरुंद झाल्या होत्या. जाड भिंत, अरुंद धमन्या आणि मिनिटाला दोनशे ठोके, हे तीन एकत्र आले की आतल्या थराला उसंत कुठून मिळणार? म्हणून असे मांजर घरी वर्षानुवर्षे धडधाकट दिसते आणि एखादी भूल, शिरेतून दिलेले जादा सलाइन किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन यानंतर काही दिवसांत धापा टाकू लागते. शस्त्रक्रियेपूर्वी मांजराचे हृदय ऐकण्याचा कंटाळा करू नये, असे वरिष्ठ सांगतात, त्याला ही शरीरशास्त्रीय पार्श्वभूमी आहे.

डुकरांची गोष्ट थोडक्यात. दूध तुटल्यावर झपाट्याने वाढणारी धष्टपुष्ट पिले सकाळी मेलेली सापडतात. हृदयाभोवती पिवळसर पाणी, पृष्ठभागावर तुतीच्या फळासारखे लालजांभळे चट्टे. रोगाला तुतीच्याच नावाने ओळखतात. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडल्याने बारीक धमन्यांच्या भिंती सडतात, केशवाहिन्यांत गुठळ्या होतात. खाद्यात हे दोन घटक पुरेसे असले की रोग बहुतेक वेळा टळतो. बारीक धमन्यांच्या सगळ्या आजारांत इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

कुत्र्या-मांजरांच्या मालकांना घरी करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. गाढ झोपेत जनावराचे श्वास मिनिटभर मोजावेत. तीसच्या खाली असतील तर ठीक. रोजचा आकडा सतत वर सरकू लागला तर खोकल्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. दवाखान्यातल्या तपासणीत रक्तातले ट्रोपोनिन-आय हे प्रथिन स्नायूपेशी फुटत असल्याची खूण देते, झडप गळकी असो वा नसो. हृदय निकामी होऊ लागलेल्या कुत्र्याला अतिश्रम आणि उन्हातली धाव टाळायला सांगतात, त्यामागे आतल्या थराचाच हिशेब आहे. ठोका जितका संथ, तितका त्या थराला रक्ताचा वेळ जास्त.

उरते शवविच्छेदनाचे टेबल. उघड्या डोळ्यांना असे हृदय पुष्कळदा निर्दोष दिसते आणि अहवालात "करोनरी धमन्या मोकळ्या" असे लिहून काम संपते. डाव्या निलयाच्या पॅपिलरी स्नायूचा आणि आतल्या थराचा काप घेऊन तंतुमय ऊतक निळे दाखवणारा मॅसनचा रंग दिला, तर भिंतीतल्या धमनीची जाडी आणि तिच्या भोवतालचा डाग एकाच काचपट्टीवर मोजता येतो. त्याला महागडे यंत्र लागत नाही. महाराष्ट्रातल्या कारवान शिकारी कुत्र्यांचे, घरोघरच्या पॉमेरेनियनांचे आणि रस्त्यावरच्या देशी कुत्र्यांचे असे काप राज्यातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी एकाच पद्धतीने घ्यावेत, वय, वजन आणि मृत्यूपूर्वीची लक्षणे यांसह नोंदवावेत आणि दरवर्षी एकत्र छापावेत. काम पुढच्या सत्रापासून सुरू करता येईल.